फिरती स्मृती: कोलकात्यातील चुंबकीय साठवणीचा इतिहास

कोलकात्यातील फिरत्या चुंबकीय स्मृतीचा इतिहास शहराच्या उत्तरेला, बरानगरला सुरू होतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तिथल्या आवारात १९५५ साली ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचा ‘एचईसी-२एम’ हा संगणक आला आणि पुढच्या वर्षी कामाला लागला. भारतात आलेला हा पहिला डिजिटल संगणक. त्याची सारी स्मृती चुंबकीय थर दिलेल्या एका फिरत्या ड्रमवर होती आणि त्यात १,०२४ शब्द मावत. सूचना, आकडे, मधली उत्तरे यांना दुसरी जागाच नव्हती. ड्रम फिरत असेल तरच यंत्र विचार करू शके. आज घरी सर्व्हर चालवणारा माणूस डिस्क कधी फिरू द्यावी आणि कधी थांबवावी हे दोन-चार आज्ञांत ठरवतो. ही मुभा यंत्राला मिळायला अर्धे शतक लागले. कोलकात्याची वीज आणि हवा या दोन्ही गोष्टी त्या प्रवासात वारंवार आड आल्या.

हा संगणक बरानगरलाच का आला, याचे उत्तर संस्थेच्या कामात आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका सांख्यिकी प्रयोगशाळेतून ही संस्था उभी केली. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि देशभरातल्या घरांच्या खर्चाचे, शेतीचे, रोजगाराचे आकडे संस्थेकडे येऊ लागले. पाहणीच्या पहिल्या टप्प्यांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचाही वाटा होता, तरी मोजणीचा मोठा भार बरानगरवरच होता. हाताने फिरवायची गणनयंत्रे आणि छिद्रपत्रे वर्गवारी लावणारी हॉलेरिथ यंत्रे यांच्यावर तो पेलत होता. छिद्रपत्र हीदेखील स्मृतीच, पण ती स्थिर होती: कपाटात ठेवली की वीज लागत नसे आणि दहा वर्षांनी काढली तरी तीच छिद्रे सापडत. समरेंद्रकुमार मित्र यांच्या देखरेखीखाली संस्थेने १९५३ साली दहा चलांची रेषीय समीकरणे सोडवणारा ॲनालॉग संगणकही बनवला होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे गणित मात्र त्याच्या आवाक्यापलीकडचे होते.

एचईसी-२एमचा ड्रम लंडनच्या बर्कबेक कॉलेजात जन्मला. तिथले अँड्र्यू बूथ आणि त्यांच्या सहकारी कॅथलीन ब्रिटन (पुढे कॅथलीन बूथ) दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त स्मृतीच्या शोधात होते. बूथ यांचा पहिला प्रयत्न तबकडीचाच होता. चुंबकीय लेप दिलेली कागदाची चकती वेगाने फिरवायची आणि तिच्यावर लिहायचे, अशी ती कल्पना होती. वेग वाढला की चकती डगमगे आणि लेखनासाठी हवे तेवढे स्थिर अंतर राहत नसे. मग ते धातूच्या टणक दंडगोलाकडे वळले आणि ड्रम तयार झाला. बूथ यांच्या आराखड्यावरून ब्रिटिश टॅब्युलेटिंगमध्ये रेमंड बर्ड यांनी १९५१ साली पहिला ‘हॉलेरिथ इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर’ उभा केला. बरानगरला आला तो त्याचा पुढचा अवतार. जवळच्याच दमदमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता. मराठी नाट्यपदांच्या तबकड्याही तिथे दाबल्या जात आणि तिथून महाराष्ट्रात येत. ध्वनी साठवणारी तबकडी आणि आकडे साठवणारा ड्रम असे दोन्ही व्यवहार काही वर्षे शहराच्या एकाच टोकाला चालले होते. ग्रामोफोनची तबकडी गाणे संपले की थांबवता येई. ड्रमला ती सोय नव्हती.

ड्रमभोवती वाचन-लेखनाची हेडे पक्की बसवलेली असत आणि त्यांच्या व ड्रमच्या पृष्ठभागामधले अंतर केसापेक्षाही कमी ठेवावे लागे. फिरता फिरता ड्रम तापतो आणि तापला की थोडा फुगतो. म्हणून हेडांची जुळणी ड्रम ठरावीक तापमानाला आल्यावरच खरी धरत. थंड ड्रमवर लगेच काम सुरू केले तर वाचनात चुका होत आणि अंतर चुकले तर हेड पृष्ठभागाला घासे. व्हॅक्यूम ट्यूबांचीही हीच तऱ्हा होती: त्या चालू असताना जितक्या जळत, त्याहून अधिक चालू-बंद करताना जळत. यंत्र बंद करणे म्हणजे पुन्हा तापण्याची वाट पाहणे आणि दुरुस्तीचा धोका पत्करणे. ट्यूबांची उष्णता आणि बंगालची दमट हवा एकत्र आल्यावर वातानुकूलनही टळत नसे.

ड्रम फिरत असला तरी हवा तो शब्द हेडाखाली येईपर्यंत थांबावे लागे. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या ड्रमची एक फेरी २० मिलिसेकंदांत होते, म्हणजे सरासरी वाट १० मिलिसेकंदांची. त्यामुळे ड्रमवरच्या संगणकांसाठी आज्ञावली लिहिणारा माणूस आज्ञांचा क्रम ठरवून थांबत नसे, त्यांच्या जागाही ठरवी. एक आज्ञा पार पडेपर्यंत ड्रम किती फिरलेला असेल याचा हिशेब करून पुढची आज्ञा नेमकी तिथे लिहायची, ही त्या काळची कारागिरी होती. संगणकाच्या इतिहासात तिला हवे तितके स्थान मिळालेले नाही. काळ आणि जागा यांचा एवढा बारकाईने मेळ घालायची वेळ नंतरच्या प्रोग्रॅमरवर क्वचितच आली.

बरानगरचा दुसरा संगणक सोव्हिएत संघातून आला. संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक साहाय्यातून मिळालेला ‘उराल’ १९५० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेत बसवला गेला. बाशिर रामेयेव यांच्या आराखड्याचे हे यंत्रही ड्रमवरच चाले आणि सेकंदाला सुमारे १०० क्रिया करी. आज्ञा आणि आकडे छिद्रे पाडलेल्या फिल्मच्या पट्टीवरून आत जात. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली होती. ‘टिफ्रॅक’ या तिथे घडवलेल्या संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची, म्हणजे कोअर प्रकारची स्मृती होती. तिच्यात काहीच फिरत नव्हते, शब्दाची वाट पाहावी लागत नव्हती आणि वीज गेली तरी कड्यांतले चुंबकत्व टिकून राही. पुढे कोलकात्यानेही तीच वाट धरली. १९६४ साली संस्थेत आयबीएम १४०१ आला. १९६६ साली संस्थेने जादवपूर विद्यापीठाबरोबर ‘इसिजू-१’ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक घडवला. दोन्हींची मुख्य स्मृती कोअरचीच होती. फिरती स्मृती तिथून पुढे मुख्य स्मृतीची जागा सोडून साठवणीच्या कामाला लागली. हा बदल मूलभूत होता, कारण साठवण थांबली तरी यंत्र चालू राहू शकते.

साठवणीसाठी तबकडीच जिंकली. आयबीएमने १९५६ साली विकायला काढलेल्या ‘रॅमॅक’मध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत आणि साऱ्या यंत्राचे वजन टनाच्या घरात जाई. हेड तबकडीपासून दूर ठेवायला त्यात दाबलेली हवा सोडत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हेडाला असा आकार मिळाला की तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते स्वतःच तरंगू लागले. १९७३ च्या ‘विंचेस्टर’ रचनेत हेड, तबकड्या आणि हवा एका बंद डब्यात आल्या. तबकडी थांबली की हेड तिच्यावरच्या राखीव पट्टीवर उतरे आणि फिरू लागली की उचलले जाई. आजच्या हार्ड डिस्कचा पाया हाच.

कोलकात्यात संगणक पसरण्याचा वेग मात्र यंत्राच्या प्रगतीवर ठरला नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाने तिथल्या इलॅको हाउसमध्ये संगणक बसवायचे ठरवले, तेव्हा नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचाऱ्यांनी यंत्र इमारतीत येऊ नये म्हणून दिवसरात्र पहारा ठेवला. तो पहारा आजही विमा कर्मचाऱ्यांच्या चळवळीत अभिमानाने सांगितला जातो. यांत्रिकीकरणाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९७२ साली आला आणि तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. कामगारांची भीती निराधार नव्हती. पण तिचा एक परिणाम असाही झाला की शहरातली मोठी यंत्रे दीर्घकाळ मुख्यतः संशोधनसंस्था आणि विद्यापीठे यांच्यापुरतीच राहिली.

दुसरा अडथळा विजेचा होता. कोलकात्यात औष्णिक वीज १८९९ सालीच आली होती. इमामबाग लेनमधल्या केंद्रातून तिचा पुरवठा सुरू झाला होता. तरीही १९७० च्या दशकात शहर लोडशेडिंगने हैराण झाले. विजेची ही अनिश्चिती पुढच्या दशकातही सुरू राहिली आणि नेमक्या त्याच काळात हार्ड डिस्क कार्यालयांत व घरांत शिरू लागली. १९८० साली आलेली सव्वापाच इंची डिस्क ५ मेगाबाइटची होती. १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर भारतात वैयक्तिक संगणक वाढले आणि त्यांत १०-२० मेगाबाइटच्या डिस्क दिसू लागल्या. त्यांतल्या बऱ्याच डिस्कांत हेड पायरीपायरीने सरकवणारी मोटर असे. वीज गेली की ती होती तिथेच थांबे आणि हेड थेट माहितीवर उतरे. म्हणून संगणक बंद करण्याआधी ‘पार्क’ ही आज्ञा देऊन हेड राखीव पट्टीवर न्यावे लागे. लोडशेडिंग अशी आज्ञा द्यायला वेळ देत नाही. एका क्षणी पंखे, दिवे आणि संगणक एकदमच थांबतात.

यावर निघालेला उपाय फार सुंदर आहे. पुढच्या डिस्कांत हेडाचा दांडा चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याने हलू लागला. वीज तुटली तरी तबकड्या काही क्षण आपल्याच वेगाने फिरत राहतात. त्या फिरण्यामुळे मोटर उलटी चालून क्षणभर जनित्र बनते आणि त्या विजेवर हेड सुरक्षित जागी सरकते. थांबण्याचा शेवटचा प्रसंग निभवायला फिरण्याची उरलेली ऊर्जाच वापरली जाते. वीज वारंवार तुटणाऱ्या शहरांसाठी हा बदल साठवण दुपटीने वाढण्याइतकाच मोलाचा होता.

हवेचा प्रश्न राहिलाच. तबकडी आणि हेड दोन्ही अतिशय गुळगुळीत, आणि तबकडीवर वंगणाचा पातळ थर. डिस्क बराच काळ बंद राहिली की दोन्ही एकमेकांना चिकटत आणि सुरुवातीची ओढ देताना मोटर अडे. हवेतली आर्द्रता वाढली की हा चिकटपणा वाढतो, कारण दोन पृष्ठभागांमध्ये पाण्याचा सूक्ष्म थर धरतो. डिस्कचा डबा सहसा पूर्ण हवाबंद नसतो. दाब सारखा राहावा म्हणून त्याला गाळणी लावलेले बारीक छिद्र असते, आणि आत ओलावा शोषणारी पुडी ठेवली तरी कोलकात्याचा पावसाळा तिला पुरून उरणारा. चालू डिस्क स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते, बंद डिस्क खोलीइतकी थंड आणि दमट होते. त्या पिढीतल्या डिस्कांच्या बाबतीत चालूच ठेवण्याचा आग्रह म्हणूनच शहाणपणाचा होता. १९९० च्या दशकात राखीव पट्टीवर लेसरने बारीक उंचवटे काढू लागले आणि चिकटपणा कमी झाला. नंतर हेड तबकडीवर उतरवणेच बंद झाले. डिस्क थांबताना ते तबकडीबाहेरच्या उतारावर चढून बसू लागले. लॅपटॉपच्या लहान डिस्कांत हे आधी आले, मोठ्यांत नंतर.

तबकडी मुद्दाम थांबवण्याची कल्पनाही लॅपटॉपमधूनच आली, कारण बॅटरी वाचवायची होती. डिस्कला ठरावीक वेळ काम नसेल तर तिने मोटर बंद करून स्टँडबायमध्ये जावे, अशी आज्ञा डिस्कच्या मानक आज्ञासंचात आली. लिनक्समधल्या ‘एचडीपार्म’ या साधनाने ती वेळ पाच सेकंदांच्या पटीत ठरवता येते. १ ते २४० या आकड्यांनी वीस मिनिटांपर्यंतचा अवकाश मिळतो आणि पुढच्या आकड्यांनी अर्ध्या अर्ध्या तासाचे टप्पे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी कोलकात्यासह देशातल्या मोठ्या शहरांत सार्वजनिक इंटरनेट सुरू झाले. कोलकात्याच्या चांदनी चौकातल्या बाजारात संगणकाचे सुटे भाग, जुन्या डिस्क, केबल आणि दुरुस्ती सारे एका फेरफटक्यात मिळू लागले. नव्या शतकात फोटो, गाणी, चित्रपट आणि कागदपत्रांच्या प्रती यांसाठी जुन्या संगणकाचाच घरचा सर्व्हर करण्याची पद्धत रुळली. इथे थांबण्याचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. असा सर्व्हर चोवीस तास चालू असतो, पण त्यातल्या डिस्कांना खरे काम दिवसातून दोन-चार तासच असते. साडेतीन इंची डिस्क रिकामी फिरतानाही ५ वॅटच्या आसपास वीज घेते. चार डिस्कांची वर्षाची बेरीज सुमारे १७५ युनिट होते. त्या दिवसाचे वीस तास थांबल्या तर त्यांतली १४५ युनिटपर्यंत वाचू शकतात. शिवाय आवाज आणि उष्णता कमी होते, आणि एप्रिल-मेच्या कोलकात्यात बंद खोलीतला प्रत्येक वॅट जाणवतो.

अडचण अशी की डिस्कला झोप लागू देत नाही ती बहुतेक वेळा यंत्रणा स्वतःच. कार्यप्रणाली आणि माहिती एकाच डिस्कवर असतील तर दर थोड्या वेळाने नोंदी लिहिल्या जातात. फाइलप्रणाली आपली नोंदवही काही सेकंदांनी डिस्कवर उतरवते. एखादी फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहिली जाते. ही शेवटची सवय लिनक्सने २००९ साली सौम्य केली. डिस्कची प्रकृती तपासणारे साधनही तपासण्यासाठी तिला उठवते, तिला उठवू नको असे वेगळे सांगावे लागते. डिस्क थांबवण्याची वेळ कमी-जास्त करून हे सुटत नाही. मार्ग एकच: यंत्रणेची साठवण वेगळी करायची. कार्यप्रणाली, नोंदी, तात्पुरत्या फाइली आणि डेटाबेस काहीच न फिरणाऱ्या लहान एसएसडीवर ठेवायचे आणि मोठ्या फिरत्या डिस्कांवर फक्त क्वचित लागणारी माहिती. बरानगरच्या ड्रमवर सूचना आणि आकडे एकत्र होते म्हणून ड्रम थांबू शकत नव्हता. ती दोन कामे दोन जागी गेली तेव्हाच थांबा शक्य झाला.

थांब्याचीही किंमत आहे, आणि ती साध्या गुणाकारात दिसते. तबकडीवर हेड टेकणाऱ्या जुन्या रचनेत सुमारे ५०,००० सुरुवातींची मर्यादा सांगितली जाई. डिस्क पाच मिनिटांनी थांबते आणि दर दहा मिनिटांनी एखादी नोंद तिला उठवते असे धरले, तर दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० सुरुवाती होतात. मर्यादा वर्षभरात ओलांडली जाते. उतारावर चढणाऱ्या हेडांना ३ ते ६ लाख फेऱ्यांची मुभा असते. पण वीज वाचवण्यासाठी बनवलेल्या काही डिस्क अवघ्या ८ सेकंदांत हेड बाजूला घेत. अर्ध्या मिनिटाला एक नोंद पडत असेल तर ३ लाखांचा हिशेब १०४ दिवसांत संपतो. म्हणून अर्धा तास ते एक तास एवढा अवकाश ठेवणे बरे. दिवसातून तीन-चारदा उठणारी डिस्क या मर्यादांच्या जवळपासही जात नाही. उठताना मात्र साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टच्या तारेवर २ अँपियरपर्यंत घेते. चार डिस्क एकदम उठल्या तर १०० वॅटचा झटका बसतो आणि लहान यूपीएस तिथेच हात टेकतो. त्यामुळे त्या एकापाठोपाठ एक उठतील अशी व्यवस्था करतात.

क्वचित लागणारी माहिती हा घरापुरता विषय नाही. जादवपूर विद्यापीठाच्या स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्सने २०१३ साली रवींद्रनाथांच्या साहित्याचे ‘बिचित्रा’ हे संकलन खुले केले. त्यात हस्तलिखितांची ४७ हजारांहून अधिक आणि छापील ९१ हजारांहून अधिक पाने आहेत. लेक टेरेसवरच्या जदुनाथ भवनात सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेसचा संग्रह आहे. गो. स. सरदेसाईंबरोबर मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमवण्यात आणि छापण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवणाऱ्या जदुनाथ सरकार यांचे हे घर. अशा कोणत्याही संग्रहात एखादे पान वर्षानुवर्षे कुणी उघडत नाही, पण उघडेल त्या दिवशी ते मिळालेच पाहिजे. अशा साठ्यांसाठी बहुतेक तबकड्या थांबलेल्या ठेवायच्या आणि हवी तेवढीच उठवायची, ही रचना अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली मांडली होती. घरचा सर्व्हर तिचीच छोटी आवृत्ती आहे.

२० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावरून गेले आणि शहराच्या अनेक भागांत वीज व इंटरनेट कित्येक दिवस बंद राहिले. त्या वेळी डिस्क थांबवण्याचा निर्णय कुणाच्या हातात नव्हता. नीट बांधलेल्या सर्व्हरवर असा प्रसंग तीन टप्प्यांत निभतो: वीज जाताच यूपीएस संगणकाला कळवतो, संगणक फाइलप्रणाली मिटवून डिस्कांना थांबण्याची आज्ञा देतो आणि हेड उतारावर चढल्यानंतरच पुरवठा तुटतो. त्याआधीच तुटला तर तबकडीची उरलेली गती हेड वाचवते, अर्धवट लिहिलेली फाइल मात्र वाचत नाही. थांबलेली डिस्क ही सुरक्षित प्रतही नव्हे, कारण ती त्याच डब्यात, त्याच तारेवर असते. दुसरी प्रत वेगळ्या जागी, सुटी ठेवलेली लागते. ती काही महिन्यांतून एकदा जोडून फिरवावी लागते, आणि प्रत्येक फाइलची बेरीज-तपासणी (चेकसम) पहिल्या प्रतीशी ताडून पाहावी लागते.